पॅप टेस्टला जाताय? अपॉइंटमेंटपासून रिपोर्ट हातात येईपर्यंत सगळं नीट सांगते

माझ्या मावसबहिणीने दोन वर्षांपूर्वी एका शिबिरात पॅप टेस्ट, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची तपासणी, करून घेतली. वय ४१, त्रास काहीच नाही, शेजारच्या चौघी निघाल्या म्हणून ही पण गेली. रिपोर्ट आला की फोन करू असं तिथे सांगितलं होतं. फोन काही आला नाही आणि आला नाही म्हणजे सगळं ठीकच असणार असं धरून ती कामाला लागली. सात महिन्यांनी दुसऱ्याच कोणासाठी तिकडे जाणं झालं, तेव्हा सहज रिपोर्ट मागितला तर त्यावर एचएसआयएल लिहिलेलं. म्हणजे कॅन्सर नाही, पण कॅन्सरच्या आधीची पायरी, आणि तशीच सोडली तर पुढे कॅन्सर होऊ शकतो अशी. पुढे सगळं नीट झालं, छोटी प्रोसिजर झाली, संध्याकाळी घरी आली, आज ठणठणीत आहे. पण ते सात महिने आठवले की माझ्या पोटात अजून गोळा येतो.

तेव्हापासून मी माहेरच्या, सासरच्या, बिल्डिंगमधल्या ज्या बायका तयार होतील त्यांना सोबत घेऊन टेस्टला जाते. मी डॉक्टर नाही, पण काय विचारायचं आणि कुठे अडतं ते आता चांगलं माहीत झालंय, आणि अडतं ते बहुतेक वेळा टेबलावर नाही, नंतर अडतं. नमुना दिला म्हणजे टेस्ट झाली असं नाही. रिपोर्ट हातात घेतला, डॉक्टरला दाखवला, पुढे काय ते विचारलं, तेव्हा कुठे टेस्ट झाली.

आधी थोडक्यात, हा आजार काय आहे

गर्भपिशवी उलट्या धरलेल्या पेरूसारखी असते, रुंद भाग वर आणि निमुळता खाली, तो निमुळता भाग योनीमार्गात उघडतो. त्यालाच पिशवीचं तोंड म्हणतात आणि हा कॅन्सर तिथे होतो. कारण जवळजवळ नेहमी एकच, एचपीव्ही नावाचा व्हायरस. त्याचे खूप प्रकार आहेत, त्यातले १६ आणि १८ नंबरचे सगळ्यात घातक. हा संबंध शोधून काढणारे जर्मन शास्त्रज्ञ हेराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ मधे नोबेल मिळालं.

हा व्हायरस शरीरसंबंधातून येतो आणि बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो, अगदी आयुष्यभर एकच जोडीदार असला तरी. दहातल्या नऊ जणींच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. उरलेल्यांमधे तो तिथेच राहतो, हळूहळू पेशी बदलत जातात, आणि त्याचा कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. प्रतिकारशक्ती कमी असेल, एचआयव्ही असेल तर लवकर. इतकी वर्षं आपल्या हातात असतात आणि या काळात त्रास काहीही होत नाही, ना दुखत ना खुपत. म्हणून "मला काही होत नाहीये मग कशाला" हे वाक्य इथे लागूच पडत नाही, टेस्ट असते ती काही होत नसतानाच करायची.

भारतात २०२२ या एका वर्षात सव्वा लाखाच्या वर बायकांना हा कॅन्सर झाल्याचा आणि जवळपास ८० हजार बायका त्याने गेल्याचा अंदाज आहे. आणि २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं तर ही तपासणी आयुष्यात एकदा तरी केलेल्या शंभरात दोन पण निघाल्या नाहीत.

एक गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे कारण ती आपल्याकडे घडली आणि आपल्यालाच माहीत नसते. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधे दीड लाख बायकांवर अभ्यास केला. त्याच वस्त्यांमधल्या दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना चार आठवडे शिकवून त्यांच्याकडून व्हिनेगरची साधी तपासणी दर दोन वर्षांनी करून घेतली, आणि १२ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, गावागावांत सुमारे १ लाख ३१ हजार बायकांचा दुसरा अभ्यास झाला, त्यात बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल होतं. तिथे एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टने पुढच्या आठ वर्षांतले मृत्यू जवळपास निम्मे झाले. २००९ साली ते छापून आलं आणि जगभर त्याचा दाखला दिला जातो. ज्या मराठवाड्यातल्या बायकांनी जगाला हे दाखवून दिलं, त्यांच्याच लेकीसुनांनी टेस्ट न करता राहावं हे मला खरंच सहन होत नाही.

पायरी पहिली: आपला नंबर कधी लागतो

सरकारी कार्यक्रमात वय ३० ते ६५ धरलंय, दर पाच वर्षांनी. खाजगी डॉक्टर २५ पासून पण सांगतात. पॅप करत असाल तर दर तीन वर्षांनी, एचपीव्ही टेस्ट नॉर्मल आली तर पाच वर्षांनी. हेही जमत नसेल तर जागतिक आरोग्य संघटनेने ठेवलेलं लक्ष्य डोक्यात ठेवा, वयाच्या पस्तिशीच्या आत एकदा आणि पंचेचाळिशीच्या आत परत एकदा एचपीव्ही टेस्ट. एचआयव्ही असलेल्या बायकांनी २५ पासूनच आणि कमी अंतराने करायची.

"माझं मूल बंद होण्याचं ऑपरेशन झालंय", "पाळी गेली आता", "मिस्टर जाऊन दहा वर्षं झाली", ही तीन कारणं मी सगळ्यात जास्त ऐकली आहेत. तिन्हींनी सूट मिळत नाही. व्हायरस वीस वर्षांपूर्वीचा असू शकतो. ६५ नंतर मात्र आधीचे रिपोर्ट नीट असतील तर थांबवता येतं. शरीरसंबंध कधीच आलेला नसेल तर गरज जवळजवळ नसते, तसं डॉक्टरला मोकळेपणाने सांगा.

पायरी दुसरी: तीन टेस्टपैकी कुठली

व्हीआयए, म्हणजे व्हिनेगरची तपासणी. पिशवीच्या तोंडाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावतात, एक मिनिट थांबतात, बिघडलेला भाग असेल तर तो पांढरा दिसतो. निकाल तिथल्या तिथे, रिपोर्टची वाट बघायची नाही, सरकारी केंद्रात फुकट. पण पाळी गेलेल्या बायकांमधे जो भाग बघायचा असतो तो आत सरकलेला असतो त्यामुळे त्यांना ही चालत नाही, पॅप किंवा एचपीव्हीच करावी लागते.

पॅपमधे छोट्या ब्रशने किंवा लाकडी पट्टीने पेशी खरवडून काचेवर किंवा बाटलीतल्या द्रावात घेतात आणि पॅथॉलॉजिस्ट त्या मायक्रोस्कोपखाली बघतो. एचपीव्ही टेस्टमधे नमुना साधारण तसाच घेतात पण त्यात व्हायरस आहे का ते शोधतात. तिन्हींत ही सगळ्यात भरवशाची आणि अर्थात सगळ्यात महाग. पॅप खाजगीत काही शे रुपयांपासून होते, एचपीव्हीला हजारांत जातात आणि लॅबप्रमाणे दर खूप बदलतात म्हणून दोन-तीन ठिकाणी फोन करून विचारा. काही लॅबमधे एचपीव्हीचा नमुना आपला आपण घ्यायची सोय असते, ज्यांना आतून तपासून घ्यायची फारच भीती आहे त्यांच्यासाठी ही खरंच चांगली गोष्ट आहे, आणि नमुना नीट घेतला तर रिपोर्ट तितकाच खात्रीचा येतो.

माझं मत विचाराल तर, परवडत असेल तर एचपीव्ही, नाहीतर जी जवळ मिळेल ती. सगळ्यात चांगली टेस्ट करू म्हणून तीन वर्षं थांबण्यापेक्षा पुढच्या आठवड्यात आरोग्य केंद्रात व्हीआयए करून आलेलं बरं.

आणि हे नीट वाचा. सोनोग्राफीत हे कळत नाही. रक्ताच्या फुल बॉडी चेकअपमधे पण कळत नाही. माझ्या जाऊबाईंनी दरवर्षी तीन हजारांचं पॅकेज केलं आणि त्यांना वाटत होतं की त्यात सगळं आलं. पॅकेजमधे पॅप आहे का हे वेगळं विचारावं लागतं.

पायरी तिसरी: जायचं कुठे

गावात असाल तर आशाताईंना विचारा. तिशीवरच्या सगळ्यांचा फॉर्म भरणं त्यांच्या कामातच येतं आणि त्या सांगतात की उपकेंद्रात, म्हणजे आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात तिथे, कुठल्या दिवशी तपासणी असते. नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय. शहरात महापालिकेची हॉस्पिटलं आणि मेडिकल कॉलेजची स्त्रीरोग ओपीडी. मुंबईत परळला टाटामधे, नागपूरला तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलमधे विचारता येईल, गोव्यातल्या बायकांना बांबोळीचं मेडिकल कॉलेज आहे. फॅमिली डॉक्टरने नुसतं "ठीक दिसतंय" म्हटलं तर ती टेस्ट नव्हे.

पायरी चौथी: जायच्या आधी

पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून दहाव्या ते विसाव्या दिवसातली तारीख घ्या. पाळी चालू असताना पॅप करत नाहीत. आधीचे दोन दिवस संबंध नको, योनीमार्गात ठेवायच्या गोळ्या-क्रीम नको, आणि आतून धुणं तर कधीच नको, टेस्ट असो वा नसो. बाहेरून साध्या पाण्याने नेहमीसारखी अंघोळ पुरे. बऱ्याच जणी केस काढायच्या राहिल्या म्हणून तारीख पुढे ढकलतात, डॉक्टरांना त्याचं काहीही वाटत नाही, गरज नाही त्याची.

साडी किंवा सैल कुर्ता घालून जा, म्हणजे फक्त खालचं काढावं लागतं आणि अंगावर कपडा राहतो. उपाशीपोटी जायचं नाही, भूल नाही काही नाही. एका कागदावर लिहून न्या, शेवटची पाळी कधी आली, बाळंतपणं किती, कॉपर टी आहे का, दिवस गेलेले असण्याची शक्यता आहे का, आधी कधी रिपोर्ट खराब आला होता का. टेबलावर झोपल्यावर हे आठवत नाही, कोणालाच.

पायरी पाचवी: टेबलावर

सगळ्यात जास्त भीती याची असते म्हणून सगळं सांगते. आधी लघवीला जाऊन या. टेबलावर पाठीवर झोपायचं, गुडघे वाकवून पाय बाजूला. डॉक्टर किंवा सिस्टर स्पेक्युलम नावाचं साधन हळूच आत घालतात, बदकाच्या चोचीसारखं असतं, ते उघडलं की पिशवीचं तोंड दिसतं. इथे दाब जाणवतो, स्टीलचं असेल तर गार लागतं. मग ब्रश फिरवतात, पाच-दहा सेकंद, किंचित पाळीच्या कळेसारखं वाटतं. सगळं मिळून दोन ते पाच मिनिटं.

दुखतं ते बहुतेक अंग आवळून धरल्यामुळे. तोंडाने हळूहळू श्वास सोडत राहा, कंबर टेबलाला टेकलेली ठेवा, वर उचलू नका. आणि बोला. "छोटं स्पेक्युलम घ्या", "जरा थांबा", "लेडी डॉक्टर आहेत का", "माझी बहीण सोबत थांबू दे", हे सगळं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. पाळी गेलेल्यांना कोरडेपणामुळे जास्त दुखू शकतं, तसं आधीच सांगितलं तर डॉक्टर काळजी घेतात, काही वेळा थोडे दिवस क्रीम लावायला देऊन मग बोलावतात. पूर्वी कोणी जबरदस्ती केली असेल, तपासणीच्या विचारानेच घाम फुटत असेल, तर तेही सांगा, नाहीतर घरच्या घरी नमुना घ्यायचा पर्याय विचारा.

नंतर दिवसभर थोडा डाग पडला तर घाबरू नका, पॅड सोबत ठेवा. लगेच घरी जाता येतं, गाडी चालवता येते, स्वयंपाकपाणी सगळं जमतं.

आता निघायच्या आधी तिथेच तीन गोष्टी विचारून फोनमधे लिहून घ्या: रिपोर्ट कुठल्या तारखेला, कोणाकडून घ्यायचा, आणि माझ्या नमुन्याचा नंबर काय. मोबाईल नंबर बरोबर लिहिलाय का तेही बघा. आमच्या मावसबहिणीच्या फॉर्मवर तिच्या मिस्टरांचा जुना, बंद पडलेला नंबर होता, त्यामुळे फोन केला असता तरी लागला नसताच.

पायरी सहावी: रिपोर्ट वाचणं

पॅपच्या रिपोर्टवर एनआयएलएम लिहिलं असेल तर नॉर्मल. सोबत "इन्फ्लेमेटरी" लिहिलेलं असतं पुष्कळदा, म्हणजे सूज किंवा साधं इन्फेक्शन, ते कॅन्सरचं लक्षण नाही. "अनसॅटिसफॅक्टरी" म्हणजे नमुना नीट आला नाही, याचा अर्थ नॉर्मल असा नाही, दोन-चार महिन्यांत परत द्यायचा.

अ‍ॅस्कस म्हणजे पेशी जराशा वेगळ्या, एचपीव्ही टेस्ट करतात किंवा वर्षाने परत पॅप. एलएसआयएल म्हणजे सौम्य बदल, बरेचदा आपोआप जातो, पण डॉक्टरला दाखवायचंच. एचएसआयएल म्हणजे जास्त बदल, इथे थांबायचं नाही, लग्नकार्य असो की मुलांच्या परीक्षा, कॉल्पोस्कोपीची, म्हणजे पिशवीचं तोंड दुर्बिणीतून तपासायची, तारीख घ्यायची.

एचपीव्ही पॉझिटिव्ह आलं तर पहिलं हे की याचा अर्थ कॅन्सर नाही. १६ किंवा १८ असेल तर सरळ कॉल्पोस्कोपी, बाकीचे प्रकार असतील तर पॅप किंवा व्हीआयए करून ठरवतात. दुसरं हे की यावरून नवरा बाहेर गेला किंवा बायको बाहेर गेली असं काहीही सिद्ध होत नाही, व्हायरस वर्षानुवर्षं गप्प राहून नंतर टेस्टमधे दिसू शकतो. या एका गैरसमजामुळे बायका रिपोर्ट साडीच्या घडीत लपवून ठेवतात. तुमचे मिस्टर हे वाचत असतील तर त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

व्हीआयए पॉझिटिव्ह असेल तरी तसंच, पांढरा डाग साध्या सुजेमुळे पण येतो, पुढे बघून घ्यायचं एवढंच.

पायरी सातवी: पुढे बोलावलं तर

कॉल्पोस्कोपी म्हणजे बाहेरून दुर्बिणीतून बघणं, ती आत जात नाही. टेबल तेच, वेळ थोडा जास्त. संशय वाटला तर तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून बायोप्सीला पाठवतात, चिमटा बसल्यासारखं होतं. पेशी किती बदलल्यात ते बायोप्सीत सीआयएन १, २, ३ असं लिहितात. त्यात १ आलं तर बहुतेक नुसतं लक्ष ठेवतात. २ किंवा ३ आलं तर तेवढाच भाग गोठवून, उष्णता देऊन किंवा लीप नावाच्या पद्धतीत विजेच्या बारीक तारेने काढून टाकतात. पिशवी जागेवर राहते, पुढे मूल होऊ शकतं, मूल हवं असेल तर तसं आधी डॉक्टरला सांगा. बहुतेकदा त्याच दिवशी घरी सोडतात, मग काही आठवडे पाणी जातं आणि तेवढे दिवस संबंध टाळायचे.

प्रत्यक्ष कॅन्सर निघालाच तर सुरुवातीच्या स्टेजला ऑपरेशन, पुढच्या स्टेजला रेडिएशन आणि केमो. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान कार्डावर कॅन्सरचे उपचार होतात. रेशनकार्ड आणि आधार कार्डावरचं नाव जुळतं का ते आधीच बघून ठेवा, माहेरचं नाव एकावर आणि सासरचं दुसऱ्यावर असलं की ऐन वेळी धावाधाव होते.

लक्षणं असतील तर वाट बघू नका

संबंधानंतर रक्त, दोन पाळ्यांच्या मधे रक्त, पाळी गेल्यावर परत डाग दिसणं, घाण वासाचं किंवा रक्तमिश्रित पाणी अंगावरून जाणं, ओटीपोटात-कंबरेत सतत दुखणं. यातलं काही असेल तर शिबिराची वाट बघायची नाही, नुसता पॅप नॉर्मल आलाय म्हणून गप्प बसायचं नाही, स्त्रीरोगतज्ञाकडे जाऊन आतून तपासून घ्यायचं. माझ्या सासूबाईंना साठीनंतर डाग पडला तर त्यांना वाटलं पाळी परत आली, आनंदाने सांगत होत्या बिचाऱ्या. निघाला साधा पॉलिप, पण तपासल्याशिवाय ते कळलं नसतं.

पिशवी काढायला सांगितलं असेल तर

"अंगावरून पांढरं जातंय, पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका", एवढ्यावर आपल्याकडे तिशी-पस्तिशीतल्या बायकांच्या पिशव्या गेल्या आहेत. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांचा प्रश्न २०१९ मधे विधिमंडळात आला, सरकारला समिती नेमावी लागली. नुसतं पांढरं जाणं हे पिशवी काढायचं कारण नाही. विचारा, माझा पॅपचा रिपोर्ट कुठे आहे, बायोप्सी कुठे आहे, औषधाने बरं होणार नाही का, आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. काढलीच असेल तर तोंडासकट काढली की तोंड ठेवलं ते डिस्चार्जच्या कागदावर बघा. तोंड ठेवलं असेल तर टेस्ट चालूच राहते. तोंडासकट गेलं असेल आणि आधी रिपोर्ट खराब नव्हता तर गरज नाही.

मुलींसाठी एचपीव्हीची लस

वय ९ ते १४ मधे दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने, १५ नंतर तीन. २०२२ च्या शेवटी जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसनेही चांगलं संरक्षण मिळतं असं सांगितलंय. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक आपल्याकडे आहे, गार्डासिल पण मिळते. संबंध सुरू व्हायच्या आधी दिली की तिचा पूर्ण उपयोग होतो, म्हणूनच इतक्या लहान वयात देतात, यात मुलीच्या चारित्र्याचा काही विषय नाही. पाळीवर, पुढे मूल होण्यावर परिणाम होत नाही. लस घेतलेल्या मुलीने पण तिशीनंतर टेस्ट करायचीच आहे कारण लस सगळ्या प्रकारांवर चालत नाही.

मावसबहिणीची प्रोसिजर झाल्यावर वर्षभराने एचपीव्ही टेस्ट झाली, निगेटिव्ह आली. डॉक्टरांनी पुढची तारीख दिली ती आम्ही घरी येऊन कालनिर्णयवर लाल पेनाने लिहिली, तिच्याकडच्या आणि माझ्याकडच्या दोन्ही. सगळे रिपोर्ट आता मुलांच्या शाळेच्या फाइलशेजारी एका प्लास्टिकच्या फोल्डरमधे आहेत आणि त्याचा फोटो माझ्या फोनमधे पण आहे. तुमच्याकडे जुना एखादा रिपोर्ट न आणलेला पडला असेल तर उद्या सकाळी त्या ठिकाणी फोन करा, नाव आणि अंदाजे महिना सांगितला तरी सहसा शोधून देतात.